बँकॉकचे मसाज आणि आप्पांची पाठ

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आमची बियाणं आणि पिकांच्या औषधांची दुकानं आहेत. पेरणी उरकली आणि फवारणीला वेळ असला, की मधले पंधरा दिवस आम्हाला चहा पिण्यापलीकडे उद्योग नसतो. त्या पंधरा दिवसांत जे किस्से तयार होतात, ते वर्षभर पुरतात. माल एक्स्पायर होतो, किस्से होत नाहीत! उलट दरवर्षी त्यांना नवीन फांदी फुटते. म्हणून म्हटलं, बँकॉकचे किस्से एकदा जसे घडले तसे सांगून टाकावेत. मी स्वतः तिथे होतो, तरी त्यातलं निम्मं मला आजही नीट कळलेलं नाही.

आम्ही चौघं. मी, शेजारच्या दुकानातले शिवलिंगआप्पा, समोरचे मुनीरभाई, आणि चुडाव्याहून येऊन इथे दुकान टाकलेला बाबाराव. बाबारावला दुनियेतल्या कुठल्याही गोष्टीचं ज्ञान आहे, फक्त ते बरोबर नसतं.

* * *

औषध कंपनीचं विक्रीचं टार्गेट पूर्ण झालं आणि कंपनीच्या साहेबांनी दुकानात येऊन जाहीर केलं, "चार दिवस बँकॉक!"

आता परभणी जिल्ह्यात 'बँकॉक' हा शब्द कसा ऐकला जातो, ते तुम्हाला माहीत आहे. समोरचा आधी हसतो, मग इकडे-तिकडे बघतो, मग हळूच विचारतो, "मसाज का?"

प्रश्न घरी काय सांगायचं हा होता. बाबारावनं सांगितलं, बोंडअळीचं ट्रेनिंग आहे. त्याची बायको शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, "तिकडं कापूसच न्हाई म्हंत्यात, मग अळी काय खाऊन जगायलीय?"

आप्पांनी मात्र काकूंना खरं ते सांगितलं. खरं तर आप्पांना जायचंच नव्हतं. त्यांच्या गौरीची सोयरीक पूर्ण्याला ठरत आली होती. मुलाचे वडील विश्वनाथप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, जातीनं आमच्या आप्पांसारखेच लिंगायत आणि सोवळ्याओवळ्याला फार कडक. पोरगा सालस, गौरीला पसंत. कुंकवाचा कार्यक्रम तेवढा राहिला होता. अशा वेळी मुलीच्या बापानं बँकॉकला जायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा!

पण आप्पांची पाठ. तरुणपणी खताच्या गोण्या उचलून ती अशी धरली होती, की आप्पा गेली दहा वर्षं वाकूनच चालत होते. परभणीचे दोन डॉक्टर झाले, नांदेडचा एक झाला. साहेब म्हणाले, "आप्पा, तिथला मसाज एकदा करून बघा. पाठ मोकळी होते."

आप्पा दोन दिवस विचार करत बसले. मग म्हणाले, "येतो. पर पाठीचं तेवढं बघायचं. बाकी कशाकडं बघायचं न्हाई."

* * *

तिथे गेल्यावर कळलं, की मसाज म्हणजे एक गोष्ट नाहीच. आमच्या हॉटेलच्या भागात प्रत्येक तिसऱ्या दारावर मसाजची पाटी. साधा मसाज तीच पाटी लावतो आणि 'तसला' मसाजही तीच पाटी लावतो. दारात बायका उभ्या, सगळ्या सारख्याच हसतात. ओळखायचं कसं?

बाबाराव म्हणाला, "सोपं हाय!"

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे जहाल विष, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात निर्धोक. आम्ही जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. बाबारावनं तोच नियम पाट्यांच्या लाइटला लावला.

"लाल लाइट दिसला की लांबून जायचं. हिरवा दिसला की बिनधास्त आत!"

भर दुपार होती, पण एका मोठ्या दारावर हिरवा लाइट झळकत होता. आम्ही चौघं रांगेनं आत गेलो. पुढे बाबाराव, मागे कमरेवर हात ठेवून आप्पा.

आत भिंतीएवढी काच. काचेपलीकडे पायऱ्या, पायऱ्यांवर तीस-चाळीस बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या छातीवर नंबरचा बिल्ला. एक सुटातला माणूस पुढे आला आणि काचेकडे हात करून उभा राहिला.

शेवटी आप्पांनी, चाळीस माणसं समोर बसलेली दिसली की आपल्याकडे जे करतात, ते केलं. दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला!

पलीकडे एकदम गडबड उडाली. मोबाइल बघणाऱ्या, पावडर लावणाऱ्या, सगळ्या बायका सावरून बसल्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी हात जोडून परत नमस्कार केला.

आम्ही त्याच पावली बाहेर.

खरं सांगतो, मी तिथे बघायच्या हौसेनंच गेलो होतो. पण कडेच्या पायरीवर एक जणी कागदात कैरी आणि तिखट-मीठ घेऊन खात होती, आमची चुलत बहीण खाते तशी डोळा बारीक करून. मला काही बघवेना. आपण इथे का आलो, हेच कळेना. लाज वाटली म्हणतात ती हीच असावी.

बाहेर आल्यावर मुनीरभाई बाबारावला म्हणाले, "क्यों रे, कौनसा त्रिकोण था ये?"

* * *

त्याच गल्लीच्या टोकाला लाल लाइटचं दुकान होतं. बाबारावचा नियम उलटा निघाला म्हणून आम्ही तिथे शिरलो. आत सत्तरीची म्हातारी आणि चार आरामखुर्च्या. फक्त पायांचा मसाज!

बाबाराव खुर्चीत बसला. म्हातारीनं खाली बसून त्याच्या पायाला हात लावला, तसा तो ताडकन उठला.

"आवं, माय! पाप लागंल मला!"

आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसानं आपले पाय धरले तर काय करायचं? आधी त्याचे पाय धरायचे. बाबारावनं वाकून म्हातारीचे पाय धरले. म्हातारी घाबरली. तिनं त्याला ओढून परत खुर्चीत बसवलं आणि पाय धरला. हा परत उठला आणि परत पाया पडला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी म्हातारीनं त्याच्या पोटरीवर सणसणीत चापट मारली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. बाबारावनं पाय पुढे केला.

"काय म्हणाली रे?" मी विचारलं.

"मला कुठं समजायलंय? पर माझी आई असंच बोलती," तो म्हणाला, आणि पुढचा तासभर डोळे मिटून पडून राहिला.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकडच्या जुन्या भागात गेलो. हा भाग एकदम साधा, देवळाजवळचा. मुनीरभाईंनी पूर्ण अंगाचा मसाज घेतला. त्यांना सैल पायजमा दिला, पालथं झोपवलं, आणि एक किरकोळ बाई चक्क त्यांच्या पाठीवर चढून चालायला लागली.

पडद्याआडून आवाज आला, "अरे बा! तोड डाली रे मेरे कू!"

आम्ही धावलो. बाई शांतपणे पाठीवर उभी. मुनीरभाई खालून म्हणाले, "युरियाची गोणी बरी, ती एका जाग्यावर तरी पडून राहती. ही तर फिरायलीय!"

बाहेर आल्यावर त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. दोन वर्षं ती फक्त डावीकडे वळत होती. फायदा झाला का विचारलं, तर म्हणाले, "समजंना बाबा. मान बरी झाली, पर इज्जत गेल्यासारखं वाटायलंय."

आप्पा मात्र घाबरले आणि पाठीवर चालून घेतलं नाही. तसेच वाकून हॉटेलवर आले.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्ता करत होतो, तेवढ्यात आप्पा एकटेच बाहेर पडले. देवळाजवळच्या त्या साध्या ठिकाणी जायचा विचार होता. वाटेत चुकले. मग त्यांनी डोकं लढवलं आणि टॅक्सीवाल्याला हॉटेलचं म्हणून खिशातलं कार्ड दाखवलं.

फक्त खिशात कार्डं दोन होती. रस्त्यात एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला मसाजची कार्डं वाटत होता. आप्पांचा स्वभाव असा, की कुणी हातात काही दिलं तर नको म्हणायचं नाही. त्यांनी ते दुसरं कार्ड दाखवलं.

टॅक्सी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. मोठी इमारत, खांब, कारंजं. आप्पांना वाटलं, आपल्या हॉटेलचंच मागचं दार असेल. आत गेले.

दोन तासांनी, आमच्यासोबत आलेल्या साहेबांच्या फोनवर तिथल्या मॅनेजरचा फोन आला, की तुमचा माणूस घेऊन जा. आप्पांच्या पाकिटात साहेबांचा नंबर होता. आम्ही टॅक्सी करून पळालो. बघतो तर आप्पा पायऱ्यांवर उभे. सरळ! दहा वर्षांनी आम्ही आप्पांची पूर्ण उंची पाहिली.

बाबारावला इतका आनंद झाला, की त्यानं आधी फोटो काढला आणि 'आप्पा सरळ झाले' असं लिहून डीलरांच्या ग्रुपवर टाकला. मग आमचं लक्ष फोटोत आप्पांच्या डोक्यावर आलेल्या पाटीकडे गेलं. पाटीवर आंघोळीच्या टबात बसलेली बाई होती.

बाबारावनं घाईघाईनं फोटो पुसला. स्वतःच्या फोनमधून. बाकीच्यांच्या फोनमध्ये तो तसाच राहिला.

"आप्पा, आत काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

विमानात विचारलं. "काय न्हाई." सेलूच्या स्टेशनवर उतरताना विचारलं. "सांगितलं ना, काय न्हाई!"

* * *

फोटो आमच्याआधी पूर्ण्याला पोहोचला होता. विश्वनाथप्पांचा आप्पांना एवढाच फोन आला, "सोमवारी येतो. बोलायचंय."

सोयरीक मोडायलाच येणार, हे आम्ही धरून चाललो. गौरी दोन दिवस जेवली नाही. बाबाराव दुकान बंद करून बसला. आम्हा तिघांना आप्पांच्या घरासमोरून जायची लाज वाटत होती.

काकूंना भेटलो, तर त्या भाकरी थापत म्हणाल्या, "काल त्यांनी पाण्याची घागर उचलली. दहा वर्षांनी. आता पाठ बरी झाली म्हणून देवाला हात जोडू का तुमच्या बँकॉकच्या नावानं बोटं मोडू, मलाच समजंना."

"आत काय झालं, बोलले का तुमाला?"

"न्हाई. मी बी इचारलं न्हाई. पोरीचं होऊन जाऊ द्या, मग इचारीन."

* * *

सोमवारी विश्वनाथप्पा आले. एकटेच. आप्पांनी आधाराला म्हणून आम्हा तिघांना बोलावलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गौरी आतल्या खोलीत.

विश्वनाथप्पांनी पाणी घेतलं नाही. फोन काढला आणि तो फोटो आप्पांपुढे सतरंजीवर ठेवला.

"मला बाकी काय इचारायचं न्हाई," ते म्हणाले. "एकच सांगा. आत गेल्यावर गळ्यातलं लिंग काढलं होतं का?"

लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग जिवंतपणी अंगापासून वेगळं होत नाही, हे आमच्याकडे मुनीरभाईंनाही माहीत आहे. आप्पांनी नुसतं "न्हाई" म्हटलं असतं, तरी प्रश्न मिटला असता. मी मनात म्हणत होतो, आप्पा, एवढंच म्हणा.

"न्हाई," आप्पा म्हणाले. मग थांबले. "पर मी काढायलो होतो."

काकूंनी दाराची चौकट धरली.

"आत गेल्यावर कळलं, हे आपलं हाटेल न्हाई, मसाजचं हाय. पर पाठ लय दुखत होती, म्हणून खोलीत गेलो. तिथल्या बाईनं खुणेनं सांगितलं, सगळं काढून ठिवा. तिच्या गळ्यात देवाचा ताईत होता. तिनं तो काढला, कपाळाला लावला आन खुंटीला अडकवला. तसल्या कामाआधी रोजची सवय आसंल. मला वाटलं, इथली रीतच हाय. मी सदरा काढला, आन हात गळ्याकडं नेला."

"मग?" विश्वनाथप्पा म्हणाले.

"तिनं लिंगाची डबी बघितली. माझा हात धरला. काढू दिलं न्हाई. सदरा परत अंगात घालायला लावला, पालथं निजवलं, आन तासभर पाठ रगडून दिली. दुसरं काय केलं न्हाई, आन मला करू वाटलं न्हाई. आता तुमी काय ते ठरवा."

विश्वनाथप्पा फोनकडे बघत बसले.

दारातून काकूंनी विचारलं, "आवं, मग तिनं तिचा देव परत गळ्यात घातला का?"

"घातला," आप्पा म्हणाले. "आधी तो घातला. मगच पाठीला हात लावला."

विश्वनाथप्पांनी फोन उचलून खिशात टाकला.

"वहिनी," ते म्हणाले, "पोरीला भाईर बोलवा. आन पाणी द्या."