चुकीच्या पासवर्डचे स्वागत

बँकेने आम्हाला थांबवून ठेवले होते आणि मी बँकेला नावे ठेवत होते. नवीन खाते जोडले की त्यावर लगेच पैसे पाठवता येत नाहीत, थोडा वेळ जावा लागतो. आमचे अकाउंटंट रफिकभाई स्क्रीनकडे बघत चहा पीत होते आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

"एवढ्या वेळात दुसरं कुणी मशीन घेऊन जाईल," मी म्हणाले.

"मॅडम, जल्दी आपको है, बँक को नहीं. फोन लावू का बँकेला? सांगतो, आमच्या मॅडम नाराज आहेत."

औरंगाबादच्या छावणीत, एका बेकरीच्या वर, आमचे ऑफिस होते. काम भूजल सर्वेक्षणाचे, म्हणजे बोअर कुठे घ्यावी हे सांगण्याचे. ज्या यंत्रावर हे चालते त्याला रेझिस्टिव्हिटी मीटर म्हणतात. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खडक तिला किती अडवतो ते मोजायचे. कोरडा, अभंग खडक जास्त अडवतो. पाणी धरलेला, भेगाळ खडक कमी.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शहराच्या कडेने इमारती उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला बोअर हवी होती. खेड्यांत टँकरची वाट बघणे हेच दिवसभराचे काम झाले होते. नेमके अशा वेळी आमचे एकुलते एक मशीन बंद पडले. वैजापूरकडच्या एका गावाने वर्गणी काढून बोअरची गाडी ठरवली होती. गाडी दोन दिवसांनी येणार होती आणि तिच्या आधी जागा दाखवण्याचा शब्द मी दिला होता. वर्गणी एकाच बोअरपुरती होती. ती कोरडी गेली असती, तर गावाला दुसरी घेता येणार नव्हती.

ऑनलाइन लिलावाच्या एका साइटवर वापरलेला मीटर विकायला होता. तो विकणारा पुण्याचा होता, म्हणजे मशीन एका रात्रीत आले असते. आम्ही बोली लावली. शेवटच्या क्षणी कुणीतरी वर बोली चढवली आणि मशीन गेले. मी भूगर्भशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली, त्यामुळे हरण्याचा सराव नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेल आला, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. सृष्टीने आपली चूक दुरुस्त केली, एवढेच वाटले.

सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने माघार घेतली आहे, असे मेलमध्ये होते. तुमची बोली दुसऱ्या क्रमांकाची होती, त्याच किमतीत मशीन घ्या, मात्र दुपारपर्यंत पैसे भरा. अशी दुसरी संधी काही साइट खरोखरच देतात. आमिष चालते ते त्यामुळेच.

मी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर आज लाज कमी वाटली असती. मी पद्धतशीर तपासणी केली. साइटचे चिन्ह बरोबर होते. आमच्या फर्मचे नाव, मशीनचे मॉडेल, आमच्या बोलीचा आकडा, सारे अचूक. भाषा तर आमच्या ऑफिसच्या पत्रांपेक्षा शुद्ध. एवढ्यावर न थांबता मी मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा गृहस्थ अतिशय सौम्य आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही चौकशी करताय हे फार चांगलं. हल्ली फसवणूक खूप वाढली आहे."

मला तो माणूस मनापासून आवडला.

मग मी मेलमधली लिंक उघडली, फर्मचा पासवर्ड टाकला, पैसे भरायच्या खात्याचा तपशील घेतला आणि आमचे मालक जाधव सर यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"सर, क्रॉस-व्हेरिफाय केलंय."

"तू केलंय म्हणल्यावर मी काय बघू," सर म्हणाले. "भरा पैसे."

तर रफिकभाईंच्या खुर्चीमागे मी बँकेला नावे ठेवत असताना माझा फोन वाजला. त्या गावचे सरपंच होते.

"म्याडम, मशीन येतंय का नाय? इथं लोक काय ऐकंनात. पाणाड्या आणलाय."

पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ ठेवून शिवारात फिरणारा माणूस. नारळ उभा राहिला की खाली पाणी, असे मानतात.

"मग?"

"नारळ उभा राहिला ना. मळ्याच्या कडंला. लई जोरात उभा राहिला म्हणं."

हा माझा आवडता विषय होता. "सरपंच, तुमच्या गावात कोरडी गेलेली बोअर आहे?"

"एक व्हय? चार हायत."

"त्यांतल्या एकीवर त्याला न सांगता फिरवा. परगावचा आहे ना? त्याला जागा माहीत नसणार."

"तिथं कशाला? तिथं पाणी नाय, हे आमाला ठावं हाय की."

"म्हणूनच. नारळ तिथंही उभा राहिला, तर त्याच्या उभं राहण्याला काही अर्थ नाही. जिथं नाही म्हणायला हवं, तिथं तो नाही म्हणतो का, एवढंच बघायचं."

"आसं व्हय," सरपंच म्हणाले. "बघतो फिरवून. पर तुमी या."

मी फोन ठेवला. आपण किती सोप्या भाषेत विज्ञान समजावतो, याचे समाधान काही क्षण टिकले. मग माझे लक्ष रफिकभाईंच्या स्क्रीनकडे गेले.

सकाळपासून मी त्या मेलची अशी एकही परीक्षा घेतली नव्हती, जिच्यात तो नापास होऊ शकला असता. फर्मचे नाव, मॉडेल, बोली हे सगळे लिलावाच्या पानावर कुणालाही दिसत होते. फोन मी त्यांच्याच नंबरवर लावला होता. चोराच्या खरेपणाची चौकशी मी चोराकडेच केली होती आणि त्याने शाबासकी दिली म्हणून खूश झाले होते.

मी माझ्या टेबलाशी गेले, मेलमधली लिंक पुन्हा उघडली आणि पासवर्डच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'नारळ' असे टाइप केले.

पान उघडले. सकाळी खऱ्या पासवर्डचे झाले होते तितक्याच आपुलकीने नारळाचे स्वागत झाले.

"रफिकभाई, पैसे पाठवू नका."

"अभी तो बोले जल्दी."

"आता बोलतेय, नको."

त्यांनी माऊसवरचा हात उचलला आणि चहाच्या कपावर ठेवला. मी साइटचा पत्ता स्वतः टाइप करून खरे पान उघडले. मशीन आदल्या रात्रीच विकले गेले होते. दुसऱ्या संधीचा कसलाही निरोप आमच्या खात्यात नव्हता. पासवर्ड अजून चालत होता, तो मी बदलला. ऑफिसच्या मेललाही तोच पासवर्ड होता, कारण लक्षात ठेवायला सोपा म्हणून तो मीच ठेवला होता. तोही बदलला. मग सरांना सांगितले.

सरांनी आवाज चढवला नाही. "पैसे गेले?"

"नाही."

"मशीन?"

"नाही."

"मग त्या गावाला काय नारळ घिऊन जाणार का?"

शहरात तसले दुसरे चालते मशीन मला एकाच ठिकाणी ठाऊक होते. माझा वर्गमित्र अनिकेत शहागंजात हेच काम करत होता. आमची कामे पळवण्याची त्याची हातोटी चांगली होती आणि त्याच्याकडे काही मागायचे नाही, असे मी ठरवून टाकले होते. मी फोन लावला.

"दोन दिवस मीटर देतोस?"

"जुना ने की. मला नवा मिळतोय," अनिकेत म्हणाला. "लिलावातला. वरच्यानं माघार घेतली, आमची बोली दुसरी होती."

"आमचीही दुसरीच होती."

"हे बघ, हरलीस तर हरलीस. जळू नको."

"पैसे भरलेस?"

"भरतोय. तू फोन ठेवलास की भरतो."

"भरू नकोस. आधी त्यांच्या लिंकवर जाऊन चुकीचा पासवर्ड टाक."

"कशाला?"

"टाक तर."

कळफलकाचा आवाज आला.

"घेतला," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "तू खरा किती वेळा टाकला होतास?"

"एकदा."

"मी दोनदा. दुसऱ्यांदा खात्री करायला."

त्या संध्याकाळी त्याने मीटर स्वतः आणून दिला, बेकरीतली खारी खाल्ली आणि हा प्रकार कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा नाही असे माझ्याकडून कबूल करून घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही गावात पोचलो. कोरड्या बोअरवरही नारळ उभा राहिला होता, त्यामुळे मळ्याच्या कडेचा आग्रह मावळला होता. मी दोन जागा नाकारल्या आणि ओढ्यालगतची तिसरी दाखवली. पाणी लागले. उन्हाळा निभेल इतके.

वाचकांसाठी दोन गोष्टी. चुकीच्या पासवर्डचा प्रयोग हौस म्हणून करू नये. काही बनावट पाने मुद्दाम पहिला पासवर्ड नाकारतात, म्हणजे नकार मिळाला तरी पान खरे ठरत नाही. शिवाय तशी लिंक उघडणे हीच मुळात जोखीम असते. त्याहून सोपा उपाय आहे, आणि तो मला आधी सुचायला हवा होता. दुसऱ्या संधीचा मेल आला की मी त्यातली लिंक आणि नंबर दोन्ही सोडून देते, साइटचा पत्ता स्वतः टाइप करते आणि आमच्या खात्यात ती संधी शोधते. खरी असेल तर ती तिथेही दिसली पाहिजे.

आजवर एकदाही दिसलेली नाही.