नवरीच्या पांढऱ्या झग्यावरची जागा

फ्रिज दुरुस्त करण्यात मिल्टन सोबचाकचा हात धरणारा व्हॅन नाइस या उपनगरात कोणी नव्हता. पण त्याचा खरा जीव होता जुन्या नटनट्यांच्या सह्यांमध्ये. सह्या जमवणाऱ्यांची जात मोठी वाईट. एखादा म्हातारा नट अंथरुणाला खिळला की त्याच्या पोरांच्या आधी यांना कळतं, आणि पोरं पोचायच्या आधी हे फोटो काखेत मारून दारात हजर. लोक यांना गिधाडं म्हणतात. त्यात गिधाडांचा अपमान आहे, ती बिचारी मरेपर्यंत तरी थांबतात.

मिल्टनकडे सह्या केलेले शेकड्यांनी फोटो होते, पण जीव टांगलेला होता एकाच फोटोत. एका जुन्या चित्रपटातला लग्नाच्या जेवणाचा प्रसंग. टेबलाभोवती आठ जण, आणि आठांपैकी सातांनी आपापल्या चेहऱ्याखाली सही केलेली. राहिली होती मधोमध बसलेली नवरी, लोरेन डेव्हरे. तिच्या पांढऱ्या झग्यावरची जागा मिल्टनने पंचवीस वर्षं कोणाला शिवू दिली नव्हती.

सातवी सही मिळाली त्या दिवशी मिल्टनची बायको गेली. बर्निस इस्पितळात होती. सकाळी तिने त्याची बाही धरली आणि म्हणाली, "आज नको ना जाऊस, मिल्ट."

"अगं, हा गेलो आणि हा आलो. तो म्हातारा आजची रात्र काढत नाही म्हणतात."

म्हाताऱ्याने सही दिली आणि तो पुढे दोन वर्षं जगला. मिल्टन परतला तेव्हा बर्निसच्या खाटेवरची चादरसुद्धा काढून नेली होती.

त्यानंतर त्या फोटोचं नुसतं वेड उरलं नाही. मिल्टनने मनाशी एक हिशेब मांडला होता आणि तो त्याने गस नावाच्या सह्यावाल्या दोस्ताला एकदा बोलूनही दाखवला. "आठही सह्या झाल्या, तर म्हणता येईल की मी कशासाठी तरी गेलो होतो. नाही झाल्या तर मी तिला उगाचच एकटीला मरू दिलं." गसने बियरचा घोट घेतला आणि विषय बदलला. अशा बोलण्यावर माणूस करणार तरी काय?

पुढे गसचाच फोन आला. "तुझी नवरी सापडली रे. पॅसाडिनाच्या वृद्धाश्रमात आहे. डोकं गेलंय, पण हात शाबूत आहे म्हणे. पळ, नाहीतर मीच जातो."

मिल्टन डोनटचा खोका घेऊन पोचला. खोका आश्रमातल्या लोकांसाठी, दार उघडावं म्हणून. अर्लीन नावाच्या दणकट परिचारिकेने खोका घेतला आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या महिन्यातले तुम्ही तिसरे. डोनट सगळे आणतात. बाईंसाठी एखादं फूल आणायचं मात्र एकालाही सुचत नाही." मिल्टन ओशाळला, पण मागे फिरला नाही.

लोरेन खिडकीपाशी बसली होती. चिमणीएवढी झालेली, पण ओठांना लाली. आता कुठलाही शहाणा माणूस आधी एखादा कोरा कागद पुढे करून बघेल की बाई लिहितात तरी काय. पण सह्यावाल्यांचा एक पक्का समज असतो : म्हाताऱ्या हातात चांगली सही एकच उरलेली असते, पहिली. दुसरीपासून हात कापतो. ती एक सही कोऱ्या कागदावर वाया कोण घालवणार? मिल्टनने सरळ फोटोच तिच्या मांडीवर ठेवला, पेन हातात दिलं आणि झग्यावर बोट टेकवलं. "इथे, मॅडम."

तिने सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं गोल अक्षर काढलं. लुडमिला ह्रुस्का.

तिचं जन्माचं नाव. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची ही पोर सतराव्या वर्षी सिनेमात काम करायला इथे आली आणि स्टुडिओने तिचं नाव बदललं, हे मिल्टनला तोंडपाठ होतं. तरी त्याचं भान सुटलं. "हे काय केलंत! हे नाव नाही तुमचं! वाटोळं केलंत सगळ्याचं!"

म्हातारी दचकली. तिने खांदे आखडून घेतले. "चुकलं का, साहेब? पुन्हा करते. पाहिजे तितक्यांदा करते. मला घरी नका पाठवू, साहेब. बाबा मारून टाकतील मला."

आणि तिने ते नाव खसाखसा खोडलं. मग सही केली. लोरेन डेव्हरे. एकदा, दोनदा, दहादा. स्टुडिओत घोटून घेतलेली ती झोकदार सही झग्यावरून निघाली आणि नवरदेवाच्या तोंडावरून, बाकीच्यांच्या सह्यांवरून, टेबलावरच्या ताटांवरून पसरत गेली. हात जराही कापत नव्हता. मिल्टनने फोटो ओढायला हात पुढे केला, तशी तिने डोक्यावर हात घेतला. मार चुकवायला घेतात तसा.

मिल्टनने हात मागे घेतला. त्याला स्वतःची शिसारी आली. "करा मॅडम," तो म्हणाला. "सावकाश करा."

"आता बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"घरी नाही ना पाठवणार?"

"कोणी नाही पाठवणार तुम्हाला."

तिचा चेहरा हळूहळू निवळला. ती ताठ बसली, मान किंचित कलती केली, आणि आयुष्यभर चाहत्यांना विचारत आली तसं गोड विचारलं, "कोणाच्या नावाने करू?"

या प्रश्नाला मिल्टनचं उत्तर ठरलेलं असे : नाव नको, नुसती सही. नाव घातलं की फोटोची किंमत उतरते. आज त्याच्या तोंडून निघालं, "बर्निसच्या. माझी बायको."

"छान नाव आहे," म्हातारी म्हणाली, आणि पेन उचलून फोटोवर जागा शोधू लागली. बराच वेळ शोधत राहिली.