केळशीतली काचेची इमारत

चहा येतोय तोवर एक फजिती सांगतो. माझीच आहे, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी काढायला नको.

तेव्हा मी दापोलीत टायपिंगचा क्लास चालवत होतो. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि टाइपरायटरवर बसायला पोरं कंटाळायची, म्हणून मी दोन कॉम्प्युटर घेतले, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणलं आणि पाटीवर 'टायपिंग'च्या खाली 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. झालं. पेंटर शिडीवरून खाली उतरला त्या क्षणापासून गावाच्या लेखी मी इंटरनेटमधला जाणकार. खरं सांगायचं तर मला मेल उघडता यायची, इतकंच. पण एकदा पाटी लावली की तिला शोभेल असं वागावं लागतं की नाही?

अशात पुण्याहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

"बाळ्या, तुझ्या इंटरनेटचं एक काम आहे. व्याह्यांनी इंटरनेटवर एक आंबेवाला शोधलाय. लग्नाला येईल त्या प्रत्येक घराला परत जाताना हापूसची पेटी द्यायची म्हणतात. केळशीचा आहे म्हणे."

"मग अडलंय कुठे?"

"अरे, तो खरा आहे की खोटा, हे कोण सांगणार? पेट्या आल्याच नाहीत तर मांडवात सगळे माझ्याकडे बघतील. माझं माहेर कोकणातलं ना."

"मग मीच पाठवतो की आंबे इथून."

"व्याह्यांनी शोधलंय, बाळ्या," ती म्हणाली. मुलीच्या आईचं सगळं दुखणं त्या तीन शब्दांत आलं. पुढे मी काय बोलणार?

वेबसाईट उघडली. त्या काळी चित्र एकदम दिसत नसे, वरून हळूहळू उलगडत यायचं. आधी आकाश आलं. मग काच. मग आणखी काच. शेजारच्या मशीनवरच्या मुलीचा अख्खा अर्ज टाइप झाला तेव्हा कुठे इमारत पुरी झाली. आठ मजली, निळ्या काचेची, दारात खजुराचं झाड. वर लिहिलेलं, 'आमचे ऑफिस, केळशी, कोकण'. बस. ना आळी, ना घर, ना फोन.

आता केळशी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो, तिथे माडापेक्षा उंच काही नाही. काचेची आठ मजली इमारत केळशीत असती तर तिला बघायला आम्ही दापोलीहून सहल काढली असती.

"चोर आहेत," मी बायकोला सांगितलं. "धंदा जो आपला ठावठिकाणा लपवतो, तो धंदा खोटा."

"मग जाऊन सरळ विचारा," सुनंदा म्हणाली.

"सरळ विचारलं की चोर सावध होतो. तुला यातलं कळत नाही."

मी ओळख लपवून जायचं ठरवलं. लोटे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपनीचा खरेदी अधिकारी, कामगारांना वाटायला आंबे हवेत, असं सोंग. अधिकारी वाटावं म्हणून माझ्या लग्नातला टाय घातला. भर उन्हाळ्यात, केळशीच्या एसटीत, टाय. कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, "वऱ्हाड पुढे गेलं का हो?"

केळशीला उतरलो. स्टँडजवळच्या दुकानदाराला विचारलं, "इथे इंटरनेटवरून आंबे विकणारी कंपनी कुठे आहे?"

"कंपनी नाय, हनीफभाय आहेत. असेच खाली जा. खळ्यात मासे सुकत घातलेले दिसतील, तेच घर."

माझा संशय पक्का झाला. काचेची इमारत सांगून घरासमोर सुकट?

हनीफभाई पडवीत पेट्यांमध्ये पेंढा भरत बसले होते. पांढरी दाढी, लुंगी, उभा जन्म जहाजावर काढून परतलेला माणूस. आत आंब्यांचा असा घमघमाट की माझ्यातला अधिकारी क्षणभर विसरूनच गेला कशाला आलाय ते. मी माझी ओळख दिली आणि म्हणालो, "तुमचं ऑफिस पाहायचं होतं."

"बघा की. हेच."

"आणि ती काचेची बिल्डिंग?"

हनीफभाई ओशाळले. "ती दुबईत हाय. पोरगा नोकरीला आहे ना तिथे. सगळं तोच करतो, मला त्यातलं काय कळत नाय. मी त्याला म्हटलं, आपल्या घराचा फोटो टाक. तर म्हणतो, अब्बा, पुढ्यात सुकट दिसते, लोक म्हणतील आंब्यांना वास येईल. म्हणून त्याच्या साहेबाची बिल्डिंग टाकलीन."

इथे खरं तर गोष्ट संपली होती. माणूस खरा, आंबे खरे, घर खरं. मी म्हणायला हवं होतं, हनीफभाई, माफ करा, मी अक्काचा भाऊ. पण टाय घालून खोटं बोललेल्या माणसाला मध्येच खरं बोलायला फार जड जातं हो.

"कंपनी कुठली तुमची?" त्यांनी सहज विचारलं.

नाव? नावाचा मी विचारच केला नव्हता. "न्यू... कोकण केमिकल."

"लोट्यात कुठल्या बाजूला?"

"रस्त्याच्या बाजूला."

"लोट्यात सगळ्याच कंपन्या रस्त्याच्या बाजूला. गेटवर काय खूण?"

"वॉचमन."

त्यांची बायको नजमाभाभी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. हनीफभाई शांतपणे म्हणाले, "बिलावर पत्ता काय लिहू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लोटे, कोकण."

नजमाभाभींनी चहा माझ्यापुढे न ठेवता कट्ट्यावर ठेवला. "मागच्या साली असाच एक आला होता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यानं पण टायच घातला होता. पेट्या घेऊन गेला आणि पत्ता दिला तो मोकळ्या माळाचा निघाला. थांबा, जावयाला विचारते."

जावई कुठे होता? लोट्यात. पंधरा वर्षं. फोनवर त्याने सांगितलं, असल्या नावाची कंपनी इथे नाही आणि नव्हती.

आता कुणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण हनीफभाई म्हणाले, "जेवायची वेळ झालीय, जेवूनच घ्या." मला वाटलं, सुटलो. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, असं जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो. दुसरी भाकरी संपवतोय तोच पोलीस पाटील येऊन समोर बसले. तेव्हा कळलं, हा पाहुणचार नव्हता, मला धरून ठेवलं होतं.

मी भडाभडा सगळं सांगितलं. अक्का, व्याही, मांडव, दापोलीचा टायपिंग क्लास.

"मघाशी लोट्याचे होतात," पाटील म्हणाले.

"आता खरं सांगतोय."

"आता दापोली. संध्याकाळपर्यंत कुठे पोचाल?"

"अहो, दोष तुमच्या वेबसाईटचा आहे," मी उष्ट्या हाताने हनीफभाईंना म्हणालो. "पत्ता नाही, फोन नाही. कुणालाही संशय येणार."

"पोरगा तर म्हणाला होता, सगळं टाकलंय म्हणून."

"नाही टाकलेलं. मी स्वतः पाहिलंय. मी कॉम्प्युटरमधला माणूस आहे." खरकट्या ताटासमोर बसून मी त्यांना धंद्यातला प्रामाणिकपणा शिकवत होतो, बघा. हनीफभाई बिचारे खरंच विचारात पडले. "आज रात्रीच त्याला फोन करून फैलावर घेतो," म्हणाले.

पाटलांवर मात्र परिणाम झाला नाही. त्यांनी माझ्याकडून अक्काचा नंबर घेतला आणि फिरवला. "नमस्कार बाई, लोट्याच्या कंपनीतला खरेदी अधिकारी तुमचा भाऊ का?"

पलीकडून अक्काचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "नाही हो. लोट्यात माझं कुणीसुद्धा नाही." आणि फोन बंद. लग्नघर ते, तिला कुठली फुरसत. नंतर कितीदा फिरवला तरी नंबर लागेना.

"बहीण तर नाही म्हणते," पाटील म्हणाले.

शेवटचा उपाय म्हणून सुनंदाला फोन लावला. पाटलांनी तिला सगळं विचारलं, बराच वेळ हूं हूं केलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. चेहरा गंभीरच.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, टाय घातलाय का? मी म्हटलं, घातलाय. म्हणाल्या, मग आमचेच. पण जरा उन्हं उतरेपर्यंत बसवून ठेवा, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल."

मग जे हसले सगळे. नजमाभाभी तर डोळ्याला पदर लावून आत गेल्या आणि येताना गार झालेला चहा गरम करून घेऊन आल्या. निघताना हनीफभाईंनी माझ्या हातात एक पेटी दिली. नको नको म्हणेपर्यंत पाटलांनी ती एसटीत चढवलीही.

लग्नाला पेट्या वेळेवर आल्या. एकही आंबा डागी नाही. अक्काची मान अशी ताठ झाली की काही विचारू नका. जो भेटेल त्याला सांगत होती, "बाळ्या स्वतः जाऊन खात्री करून आला. इंटरनेटमधला आहे तो." मीही नाही म्हटलं नाही. उलट दोघाचौघांना, धंदा खरा की खोटा हे कसं ओळखावं, यावर थोडं मार्गदर्शनसुद्धा केलं.

लग्नानंतर व्याह्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर नव्या जावयाने मला त्याच्या खोलीत नेलं.

"मामा, एवढ्या उन्हात केळशीपर्यंत कशाला गेलात? फोन करायचा की."

"नंबर कुठे होता? आणि पत्ता तरी कुठे होता?"

त्याने कॉम्प्युटर लावला. तीच निळ्या काचेची इमारत वरून खाली उलगडत आली. ती पुरी झाल्यावर त्याने माउसने पान आणखी खाली सरकवलं. इमारतीखाली हनीफभाईंचं पूर्ण नाव होतं. घराचा पत्ता, पिनकोड, घरचा फोन. स्टँडवरून कसं यायचं, तेसुद्धा. आणि त्याखाली स्वच्छ मराठीत लिहिलेलं की, वरील इमारत आमची नाही, केवळ शोभेसाठी आहे.

मी बराच वेळ वाचत राहिलो. दुबईतल्या त्या पोराने बापाच्या काय काय शिव्या खाल्ल्या असतील, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

"हे कधीपासून आहे इथे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," तो म्हणाला. मग फार अदबीने, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मामा, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता ना?"

"नाही," मी म्हणालो. "टायपिंग."