बांधीतल्या पाण्याची साक्ष

दवनीवाड्याला आमच्या घरी रविवारी सभा भरायची. पाचसात घरची माणसं सतरंजीवर बसायची. प्रार्थना नवरा चालवायचा, गाणी मी. सभेत साक्ष द्यायची पद्धत होती, म्हणजे आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं अन् बाकीच्यांनी 'हालेलुया' म्हणायचं. सांगण्यासारखं काही नसलं की माणूस बिनाआहेराचा लग्नाला आल्यासारखा ओशाळायचा.

घरोघरी मोबाइल नुकते आले होते, त्या साली ऐन धानाच्या रोवणीत पावसानं दडी मारली. बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं पाणी आधी आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, यायचं अन् मधल्या मातीच्या धुऱ्यातल्या वाटेनं खालच्या बांधीत जायचं. खालची बांधी माझ्या भासऱ्यांची, नवऱ्याच्या मोठ्या भावाची. सासऱ्यांच्या वेळेपासून हेच चाललेलं. पण आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून भासरे आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. सासूबाईंच्या तेरवीला त्यांनी आम्हाला वेगळ्या पंगतीत बसवलं, ते नवऱ्याला सलत होतं. त्यानं फावड्यानं माती ओढून वाट बुजवली. मी पाहिलं. म्हटलं, बरं झालं, जिरू दे.

त्या रविवारी नवरा साक्षीला उभा राहिला. देवानं आपल्या लेकराची बांधी भरून ठेवली, म्हणाला, अन् जो त्याला मानत नाही त्याची कोरडी राहिली. सगळ्यात मोठ्यानं हालेलुया मीच म्हटलं. माझा आवाज तसाही खणखणीत.

पुढच्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की विचारू नका! वाट बुजलेली, म्हणून पाणी धुराच फोडून गेलं. आमची अर्धी रोवणीही वाहून गेली. सकाळी आम्ही धावत पोचलो तर भासरे चिखलात उभे राहून आमचाच धुरा बांधत होते. मी पदर डोक्यावर ओढला.

"पाहून काय राहिला बे? माती टाक," ते नवऱ्याला म्हणाले.

वाट काऊन बुजवली, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तेरवीची पंगत काढायला मी तयारच होते. नवरा माती टाकू लागला.

घरी येऊन तो जेवला नाही.

"देवानं माया कान धरला," म्हणाला. "रविवारी सगळ्यायसमोर सांगतो."

"अवो, कायले? धुरा फुटला, बांधला, झालं. लोक उठून जातील. मंग कोणाची प्रार्थना चालवाल?"

"पाणी म्या अडवलं अन् नाव देवाचं घेतलं. आता त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मी भांडले. भांडी आपटली. मला लोकांची लाज वाटत होती, अन् खरं सांगायचं तर माझ्या त्या हालेलुयाचीही.

रविवारी तो उभा राहिला. "मागची साक्ष खोटी होती," म्हणाला. "भावाची बांधी देवानं कोरडी ठेवली नाही. म्या ठेवली, फावड्यानं." एक म्हातारी खोकली. "आज प्रार्थना दुसऱ्या कोणी करा," असं म्हणून तो सतरंजीच्या कडेला जाऊन बसला. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

मान वर केली तर दारात भासरे. डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या, अन् अंगावर चिखलपाणी गळत होतं. कधीपासून उभे होते, देव जाणे. तेरवीनंतर आमच्या दारात पहिल्यांदाच आले होते.

"माये पऱ्हे उरले," ते नवऱ्याला म्हणाले. "तुये तं वाहून गेले. केव्हाचे बोलून राहिले तुम्ही? पऱ्हे सुकून राहिले. चाल."

सभा तशीच उठली अन् सगळेच्या सगळे बांधीत उतरले. धुऱ्यातली वाट नवऱ्यानं आधी मोकळी केली, मगच रोवणीला हात लावला.

दुपारी भासरे धुऱ्यावर टेकले. माझ्याशी ते थेट कधी बोलत नसत. त्या दिवशी ओंजळ पुढं करून म्हणाले, "बाई, पाणी दे."

मी माझ्या लोट्यातलं पाणी ओतलं. ते घटाघट प्यायले अन् पुन्हा ओंजळ धरली. हालेलुया म्हणावं असं फार आलं मनात, पण माझा आवाजच निघाला नाही.