वयनीचं रेकॉर्डिंग

फोनच्या ब्लूटूथमध्ये इअरफोनच्या नावाखाली दोन बटणं असतात, 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ'. पहिलं चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं तर फोन स्वतःचा माईक सोडून इअरफोनचा इवलासा माईक घेऊ शकतो, आणि माणसाचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा चपटा होतो. ते बंद केलं की आवाज जसा आहे तसा येतो. हे मला शाळेच्या ऑनलाइन तासांत कळलं. मुलं विचारायची, टीचर, तुम्ही विहिरीत बसून शिकवता काय?

मला हे माहीत होतं, माझ्या थोरल्या जावेला नव्हतं.

ही आमची वयनी, केरी गावची. डिचोलीत आमच्या घरी आली ती गळा घेऊनच आली. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ तिच्या आवाजावर उभं राहिलं, आणि मी बावीस वर्षं तिच्या मागे पेटीवर. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. मग तिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. आवाज परतायला वेळ लागेल, रोज थोडं थोडं गात राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मधले चार महिने सोमवारच्या भजनाला मी गायले. बायका म्हणाल्या, तुझोय गळो बरो आसा गो. बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पेडण्याची भजन स्पर्धा आली. आम्हाला शिकवणारे वाळपईचे बुवा आजारी होते. त्यांनी निरोप धाडला की दोघींच्या आवाजात एकेक गवळण रेकॉर्ड करून पाठवा, कोणी गायची ते मी ठरवतो.

वयनीला तिच्या मुरगावच्या लेकीने इअरफोन दिला होता. घरात तो तिच्या कानातच असायचा. तसाच ठेवून ती गायली आणि मी पेटी धरली, काळी पाच, तिचा नेहमीचा सूर. आवाज जरा जड झाला होता, पण होता. दोन हातांच्या अंतरावरून मी तो ऐकला.

मग इअरफोन डबीत ठेवून तिने रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. वरच्या सगळ्या जागा पत्र्यासारख्या. माझी पेटीसुद्धा त्यात खेळण्यातल्यासारखी चिरकत होती. तिने नुसतं पेटीकडे लक्ष दिलं असतं तरी दोष गळ्याचा नाही हे तिला उमगलं असतं. आता उमगेल, आता उमगेल, म्हणून मी श्वास धरून बसले. पण गळ्यावर टाके पडलेलं माणूस आपला गळाच ऐकतं.

"माझो आवाज गेलो गो," ती म्हणाली. "तुकाय असोच ऐकू येता मां?"

मी हो म्हटलं.

तिने ते पुसून टाकलं आणि धाकटी गाईल म्हणून बुवांना कळवलं. पेडण्याला मी गायले. नंबर काही आला नाही. स्टेजवर जाण्याआधी तिने ज्येष्ठमधाचा तुकडा माझ्या तोंडात घातला होता. तो मी चघळला.

त्यानंतर वयनीने तोंडच उघडलं नाही. चवथीला घरच्या आरतीत ती टाळ्या वाजवत होती आणि ओठ मिटलेले. गणपतीपुढे तरी गाईल असं मला वाटलं होतं. संध्याकाळी पातोळ्या उकडायला हळदीची पानं पुसताना मी तिला सगळं सांगितलं. बटणाचंही सांगितलं.

तिने पान खाली ठेवलं नाही. "पेटी वाजयत होतंस तेव्हाच तुका म्हायत होता?"

"होय."

आणखी तीन-चार पानं तिने पुसली. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, तर आता बरोबर करून घे. मी 'फोन कॉल' बंद केलं, फोन तिच्यापुढे ठेवला, पेटी काढली. तीच गवळण तिने म्हटली. मग रेकॉर्डिंग फोनवरच मोठ्याने लावलं. ते ऐकताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. या वेळी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. श्वास अपुरा पडत होता आणि वर जाताना सूर सुटत होता. ज्या महिन्यांत रोज थोडं गायचं होतं, ते महिने मी खाल्ले होते.

"आता यंत्राक दोष नाय मां?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मगे सोमवारी सगळ्यांका सांग. तुझ्या तोंडान."

सोमवारी देवळात मी सांगितलं. शिकवायची सवय असूनही दोनदा अडखळले. टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, मग हिला मंडळात ठेवायची काय? मी पेटीची खीळ लावायला घेतली.

"पेटी दुसऱ्या कोणाक येता?" वयनी म्हणाली. मग पुढे येऊन ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, पांढरी तीन धर.

मी धरली. इतक्या खालच्या सुरात ती आजवर कधी गायली नव्हती.