बार्बा बार्तुलची तीनशे घोड्यांची बोट

बार्तुलला उजवीकडे वळायचं असलं की त्याचा हात डावीकडे जायचा. बेचाळीस वर्षांची सवय ती. त्याच्या लाकडी बोटीला सुकाणूचा लांब दांडा होता. तो एरवी हातात धरायचा, जाळं ओढताना गुडघ्यांत, आणि उभ्यानेच सार्डिन माशांमागे फिरायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. दांडा डावीकडे रेटला की बोट उजवीकडे जाते, हे लुक्वा गावात दुधाच्या दातांबरोबर कळतं. नव्या बोटीला मात्र मोटारीसारखं स्टिअरिंग होतं, आणि बार्तुलने जन्मात मोटार चालवली नव्हती. चालवणार कुठे? बेटावर रस्ताच नाही.

"बार्बा, उजवीकडे म्हटलं मी!" झोराना ओरडली. झोराना त्याच्या चुलतबहिणीची मुलगी. बेटावरची तरुण पोरं म्हाताऱ्या दर्यावर्दीला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात. उन्हाळ्यात पर्यटकांच्या बोटी या बंदरातून त्या बंदरात पोचवायची. जीभ आईचीच.

"उजवीकडेच नेतोय."

"मग तो धक्का आपणहून आपल्याकडे चालत येतोय का?"

धक्क्यावरच्या बाकावर म्हातारे ओळीने बसले होते. निवृत्त पोस्टमन तादियाने पाय वर घेतले. "बार्तुल, देऊळ तेवढं सोड बाबा! लग्नं नाही होत आता, पण मयतं आहेत ना अजून!"

बार्तुलने शिवी हासडली आणि पुन्हा सुरुवात केली. हौस म्हणून नव्हती घेतली त्याने ही बोट. दिंकाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी समुद्रापलीकडच्या शहरात डायलिसिस. सकाळी सहाची फेरीबोट होती तोवर निभत होतं. ऑक्टोबरात तिकीटखिडकीवर कागद लागला: डिसेंबरपासून हिवाळाभर फेरी फक्त मंगळवारी आणि शनिवारी. म्हणजे किडन्यांनी वेळापत्रक बघून बंद पडावं!

बार्तुल शहरातल्या कचेरीत गेला. इस्त्रीच्या शर्टातल्या साहेबाने संगणकाचा पडदा वळवून दाखवला. "तुमच्या गावात हिवाळ्यात सदतीस माणसं राहतात, आजोबा."

"अडतीस. माझी बायको अजून मेलेली नाही."

साहेबाने सल्ला दिला की बाईंना शहरातच ठेवा, कुणी नातेवाईक असतील की. होती. दिंकाची बहीण पाल्मिना, चौथ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. घरी आल्यावर दिंकाने पालक निवडता निवडता सांगून टाकलं, "पाल्मिनाकडे गेले की मी परत येणार नाही, बार्तुल. तिथून मला खोक्यातूनच आणशील."

मग त्याने बेटाच्या टोकावरचा द्राक्षमळा विकला. जुनी बोटही विकली. ती आता शहरातल्या एका खानावळीत उभी आहे, पोटात बर्फ भरून त्यावर मासे मांडतात. आणि तो ही पांढरी, सात मीटरची, दीडशे-दीडशे घोड्यांची दोन इंजिनं लटकवलेली बया घेऊन आला.

बया त्याला दाद देईना. जुन्या बोटीत भीती वाटली की वेग तोडायचा, ती बापडी जागच्या जागी थांबायची. इथे त्याने घाबरून लिव्हर एकदम मागे ओढला, आणि बोटीने उठवलेलीच लाट मागून चढून आत आली. दोघं कमरेपर्यंत भिजली.

"वेग उतरवत आणायचा, बार्बा. ही तुमची म्हातारी गाढवीण नाही."

"गाढवीण बरी. निदान ऐकायची."

दुसऱ्या दिवशी झोरानाने लाल दोरी पुढे केली. एक टोक इंजिनच्या खटक्याला, दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला. बार्तुल भडकला. "मी काय बकरी आहे बांधून ठेवायला?"

"बकरी परवडली. तुम्ही पाण्यात पडलात की दोरीने खटका निघून इंजिन बंद. नाहीतर ही रिकामी गोल फिरत येईल आणि तुमच्याच डोक्यावरून जाईल."

त्याने मुकाट्याने दोरी गुडघ्याला अडकवली.

महिना गेला. इंजिन किती कलवायचं, लाटेवर आडवं न जाता तिरकं कसं चढायचं, सगळं तो शिकला. पासष्टाव्या वर्षी नव्याने शिकणं म्हणजे काय असतं, हे बाकावरून बघणाऱ्यांना कळत नाही. रात्री तो जेवणाच्या ताटावर हात फिरवत बसायचा: उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. शेवटी झोराना म्हणाली, "शांत पाण्यात तुम्ही पास. पण दचकलात की तो जुना हात परत येतो. तो मला काढता नाही आला."

पहिल्या दिवशी दिंका डोक्याला रुमाल घट्ट बांधून शेजारी बसली. जुन्या बोटीला अडीच तास लागायचे तिथे पस्तीस मिनिटांत किनारा आला. "मेल्या, ही लग्नाआधी का नाही घेतलीस?" ती म्हणाली. सात आठवडे असे गेले. घरची चूल, घरचं अंथरूण, आठवड्यातून तीनदा ये-जा.

जानेवारीत तिकीटखिडकीच्या बंद फळीवर नवा कागद आला. गावात खाजगी वेगवान बोट उपलब्ध असल्याने हिवाळी फेरी पूर्ण बंद करण्यात येत आहे. बार्तुलने तो दोनदा वाचला.

"अभिनंदन," तादिया म्हणाला. "तू आता सरकार झालास. माझ्या डोळ्याच्या डॉक्टरची तारीख गुरुवारी आहे, लक्षात ठेव."

कुणी हसलं नाही. एका माणसाने बायकोसाठी पोटाला चिमटा काढला, तर त्याच चिमट्याचा यांनी पुरावा केला! बार्तुलने कागद टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी दुसरा लागला.

फेब्रुवारीत युगो सुटला, तो दक्षिणेचा ओला वारा, जो सुटला की भिंतींना घाम येतो आणि माणसं एकमेकांवर खेकसतात. चार दिवस थांबेना. बुधवार चुकला. शुक्रवारी पहाटे दिंकाचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, उताणं झोपलं की श्वास अडत होता. रुग्णांना नेणाऱ्या हेलिकॉप्टरवाल्यांनी या वाऱ्यात येता येणार नाही म्हणून सांगितलं. झोराना शहरात होती.

"बार्बा, निघू नका," ती फोनवर म्हणाली.

"मग शुक्रवारही चुकवू?"

त्याने फोन ठेवला.

तो निघाला, आणि चांगला चालवत होता, हे सांगायलाच हवं. प्रत्येक लाट बघून, वेग देत, काढत. अर्ध्याहून जास्त अंतर कापलं. मग नदीच्या मुखासमोर, पुराने वाहून आणलेलं एक अख्खं खोड लाटेच्या पोटातून डाव्या अंगाला वर आलं. उजवीकडे वळायला हवं होतं. बार्तुलचा हात डावीकडे गेला.

बोट खोडाला घासली, आडवी झाली, आणि दिंका बैठकीवरून उडून डाव्या हातावर पडली. त्याच हाताच्या शिरा जोडून डॉक्टरांनी डायलिसिसच्या मशीनसाठी वाट केली होती. ती जागा एरवी बोटांखाली मांजरासारखी गुरगुरायची. धक्क्याला लागेपर्यंत दिंका ती चाचपत राहिली.

डॉक्टरांनी मानेत नळी घातली. हाताची वाट बंद पडली होती. दुसऱ्या हातात नवी करायची, ती पिकेपर्यंत काही महिने शहरात, रुग्णालयाजवळच राहायचं. पुढे बोटीचे दणके? नाहीच.

पाल्मिना पिशवी घेऊन आली होती. बार्तुल खाटेजवळ उभा होता, ओली टोपी पिळत.

"मला कळत होतं उजवीकडे," तो म्हणाला. "डोक्याला कळत होतं गं."

"माहीत आहे."

"वारा पडला की सोमवारी येतो."

"येताना माझी लोकरीची चादर आण. आणि फडताळातली ती काळी चप्पल." दिंकाने डोळे मिटले. "आणि कोंबड्या तादियाच्या बायकोला देऊन टाक. तुला नाही जमायच्या."