सलाइनच्या आधीची बाटली

देवी आहे की नाही, या प्रश्नानं मी त्या दिवशी पुरती हैराण झाले होते. आमच्या कोरपन्याच्या घरात महाकालीला नैवेद्य दाखवेपर्यंत लेकरंही तोंडात काही घालत नसत. त्यात धाकटीला ताप आलेला. दुपारपर्यंत ती शुद्ध हरपून पडली. थोरली अशीच निपचित होऊन गेली होती आणि का गेली, ते आम्हाला कोणी सांगू शकलं नव्हतं. मी देवीवर मनातल्या मनात चिडतच चंद्रपूरचं हॉस्पिटल गाठलं.

नर्स शीर शोधत असतानाच पोरीला लघवी झाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आलापल्लीकडची होती. नातवाच्या लघवीसाठी मिळालेली स्वच्छ बाटली तिनं झटकन पुढे धरली.

"आजी, ती तुमच्या नातवाची ना?" नर्स करवादली.

"त्याची मंग घेऊ. हे वाया काऊन जाऊ द्याची?"

नर्सला हसू आलं. तिनं बाटलीवर माझ्या लेकीचं नाव लिहून ती फ्रिजमध्ये ठेवली. शिरेतून साखरेचं सलाइन गेलं आणि थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हळहळले, "सलाइनच्या आधीची लघवी हवी होती." नर्स धावत जाऊन बाटली घेऊन आली, तेव्हा मला एका जागी बसवेना. बाटली मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली आणि उत्तर आलं. उपाशीपोटी शरीर चरबी जाळतं. हिच्यात ती जन्मापासूनच अर्धवट जळते आणि उरलेली आम्लं लघवीत उतरतात. साखर दिली की ती ओसरतात, मग सापडणं अवघड. हिला उपाशी ठेवायचं नाही, आजारपणात तर मुळीच नाही. एवढ्यानं माझी लेक वाचणार होती! मी डॉक्टरांसमोरच रडले आणि हसलेही.

म्हातारी तोवर नातवाला घेऊन गावी गेली होती. तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते.

पुढच्या नैवेद्याला सासूबाईच म्हणाल्या, "देवी थांबते. आधी पोरीले खाऊ घाल."

इतकी वर्षं मी देवीकडे मागत आले. आता खेळता खेळता लेक "आई, भूक लागली" म्हणते, तेव्हा देवीच मागते आहे असं वाटतं, आणि मी हातातलं काम टाकून उठते.